देवाचे देणे

मराठीत ‘देणे’ हा मोठा लबाड शब्द आहे. देवाने दिले तेही देणे आणि वाण्याचे फेडायचे राहिले तेही देणेच. ‘देवाचे देणे’ म्हटले की देवाने आपल्याला दिलेले, की आपण देवाचे लागतो ते, हे मागच्यापुढच्या वाक्यावरून ओळखावे लागते, आणि कधी कधी तेवढ्यानेही भागत नाही. आपल्यापैकी पुष्कळ जण इथे मस्कतमध्ये बँकांत आणि हिशेबखात्यांत नोकऱ्या करतात. जमेची बाजू कोणती आणि देण्याची कोणती हे त्यांना झोपेतही सांगता येईल. मराठीने मात्र या दोन्ही रकमा एकाच शब्दात मांडून ठेवल्या आहेत. यात भाषेचा गोंधळ नाही, शहाणपण आहे, असे मला वाटते. ते का, हे सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच.

निमित्त आपल्या बोलण्यातलेच आहे. एखादे मूल बरे गायले, कोणी बरी कविता वाचली, कोणाला भजनात सूर सापडला, की आपण चटकन म्हणतो, ‘ही दैवी देणगी हो!’ मुलाचे आईवडील नम्रपणे मान लववतात. पण त्या लववण्यात थोडा ताठाही असतो, कारण देवाने इतकी घरे सोडून आमचेच घर निवडले, असा त्याचा दुसरा अर्थ निघतो. देणगी म्हटली की ती मिळवावी लागली नाही, म्हणून कष्टांचा हिशेब नको. आणि देवाने दिली, म्हणून माणसांचा हिशेब नको. अशा रीतीने ‘दैवी देणगी’ हा शब्द नम्रतेचा पोशाख घालून अहंकाराचे काम बिनबोभाट करून जातो.

तेव्हा प्रश्न असा, की देवाकडून काही मिळाले आहे असे ज्यांना खरोखर वाटले, त्यांनी ते कसे घेतले? आपल्या भाषेत हा प्रसंग शब्दांत नोंदवून ठेवणारी माणसे आहेत. त्यांतल्या चौघांचे लेखन मी या एका प्रश्नाच्या अंगाने वाचले. भक्तीने वाचलेच, पण समीक्षकाने वाचावे तसेही, म्हणजे कोण काय म्हणतो, कोणत्या क्रमाने म्हणतो, आणि काय म्हणायचे टाळतो, हे पाहत वाचले.

मागणारा शेवटी उभा राहतो

पहिले उदाहरण आपल्या सर्वांच्या तोंडी आहे. पसायदान आपण इतक्या वेळा म्हणतो की त्याचे नाव काय सांगते इकडे लक्षच जात नाही. पसाय म्हणजे प्रसाद. प्रसादाचे दान मागणारी ही प्रार्थना आहे. १२९० साली नेवाशाला सुमारे नऊ हजार ओव्यांचे निरूपण संपवून ज्ञानदेव हे दान मागतात. वय विशीच्याही अलीकडचे. संन्यासातून परत संसारात आलेल्या बापाची ही मुले समाजाने वाळीत टाकलेली होती. अशा मुलाने इतके मोठे काम पार पाडल्यावर स्वतःसाठी काही मागितले असते, निदान आपल्या घरावरचा कलंक पुसला जावा एवढे तरी मागितले असते, तर त्यात काहीच वावगे नव्हते.

आता नऊ ओव्यांचा क्रम पाहा. पहिल्यात दान मागितले आहे. त्यानंतरचे पहिले मागणे कोणासाठी आहे? दुष्टांसाठी, आणि तेही त्यांचा दुष्टपणा तेवढा जावा म्हणून. मग सर्व प्राणिमात्रांचे परस्परांत सख्य व्हावे, जगातला अंधार जावा, ज्याला जे हवे ते त्याला मिळावे, सज्जनांची भेट होत राहावी, अशी एकेक मागणी विस्तारत जाते. मागणाऱ्याचे नाव येते ते अगदी शेवटच्या ओवीत, आणि तिथेही तो काही मागत नाही. वर मिळाला आणि तो सुखी झाला, एवढीच नोंद आहे. इतरांसाठी मागितलेले मिळाले, हेच त्याचे सुख.

म्हणजे ज्ञानदेवांच्या हिशेबात ‘माझ्या वाट्याला काय आले’ हा रकानाच नाही. एक गोष्ट मात्र नीट पाहिली पाहिजे. पसायदानातला आवाज दबलेला नाही. विश्वात्मक देवापुढे उभा राहून साऱ्या जगासाठी मागणारा माणूस घाबरलेला असणे शक्यच नाही. तो लीन आहे, पण दीन नाही. गुरू निवृत्तीनाथ हे त्यांचे थोरले बंधू. आणि जे बोललो ते गुरूंचे, गुरूंना त्यांच्या गुरूंकडून आलेले, अशी नाथपंथाची सारी परंपरा ते पुढे मांडतात. आपण मधला दुवा आहोत, हे कळल्यावर माणसाला मोठे मागताना संकोच राहत नाही. स्वतःसाठी मागायचे म्हटले की तोंडाला कुलूप लागते; दुसऱ्यांसाठी मागताना आवाज आपोआप चढतो, हे आपल्याकडे वर्गणी गोळा करणाऱ्या कोणालाही पटेल.

धृपद धरणारा

दुसरे उदाहरण तुकोबांचे. संतांनी विचारले म्हणून आपले चरित्र सांगणारा त्यांचा एक अभंग आहे. सुरुवातच अशी की खरे तर हे सांगू नये, पण तुम्ही विचारले म्हणून तुमचा शब्द मोडत नाही. मग जात, धंदा, आईबापांचे जाणे, दुष्काळ, अन्नावाचून गेलेली बायको, बुडालेला व्यापार, लोकांतली लाज हे सारे एखाद्या हिशेबनीसाच्या कोरडेपणाने येते. १६३० च्या आसपासच्या त्या भीषण दुष्काळाबद्दल इतक्या थोड्या शब्दांत इतके क्वचितच कोणी सांगितले असेल.

माझे लक्ष वेधून घेतो तो पुढचा क्रम. कवित्वाची स्फूर्ती झाली, हे वाक्य या अभंगात फार उशिरा येते. त्याच्या आधी काय काय आहे? मोडकळीला आलेले देऊळ दुरुस्त केले. एकादशीला कीर्तन करू लागले. सुरुवातीला अभ्यासात चित्त नव्हते, म्हणून आधीच्या संतांची वचने विश्वासाने आणि आदराने पाठ केली. पुढे दुसरे गात असताना मागे उभे राहून धृपद धरले. जमेल तेवढा परोपकार केला, शरीर झिजवले. त्यानंतर स्वप्नात गुरूचा उपदेश, आणि त्यानंतर कविता.

‘दैवी देणगी’ म्हणणाऱ्या आपल्या पिढीने हा क्रम कागदावर लिहून भिंतीवर लावावा. तुकोबांचे कवित्व हे देवाचे देणे होते यात त्यांना स्वतःला तिळमात्र शंका नव्हती. पण ते घ्यायला हात मोकळे आणि मऊ व्हावे लागले. आणि हात मऊ झाले ते देवळाची माती कालवून. मागे उभे राहून धृपद धरणे ही जागा आजच्या कार्यक्रमांत कोणाला नको असते. प्रत्येकाला पुढचा माईक हवा. पण दुसऱ्याचा सूर कानात साठवत, त्याचे पद पूर्ण करत उभे राहणे, हाच तुकोबांचा रियाझ होता.

आता ती दोन स्वप्ने. एका स्वप्नात नामदेव पांडुरंगाला बरोबर घेऊन येतात आणि काम सांगतात : कविता कर, मी शतकोटी अभंगांचा संकल्प केला होता, त्यातले राहिलेले तू पुरे कर. देणगी म्हणून काय आले पाहा! मुकुट नाही, शाल नाही. दुसऱ्याचे अपुरे काम आले. एखाद्या थोर माणसाची थकबाकी वारसाने आली. लेखाच्या आरंभी ज्या दोन अर्थांबद्दल मी बोललो, ते या स्वप्नात एकरूप झालेले दिसतात. देवाने दिलेले देणे हे फेडायचे देणे होऊनच तुकोबांच्या घरी उतरले.

दुसरे स्वप्न बाबाजी चैतन्यांच्या उपदेशाचे. वाटेत गुरू भेटले, मस्तकावर हात ठेवला, मंत्र दिला. माघ शुद्ध दशमी, गुरुवार, ही तिथीही तुकोबांनी नोंदवून ठेवली आहे. आणि त्याच अभंगात ते आणखी एक गोष्ट सांगतात. गुरूंनी भोजनासाठी पावशेर तूप मागितले होते, पण स्वप्नात त्याचा विसर पडला आणि ते द्यायचे राहूनच गेले.

हे पावशेर तूप मला साऱ्या गाथेतल्या सर्वांत खऱ्या गोष्टींपैकी एक वाटते. कोणी भोंदू असता तर त्याने आपल्या साक्षात्काराची कथा सांगताना दिव्य प्रकाश सांगितला असता, फुलांचा वर्षाव सांगितला असता. वाण्याचा मुलगा काय सांगतो? तूप राहून गेले. जगातले सर्वांत मोठे धन पदरात पडले त्या क्षणी आपल्याकडून पावशेर तूप येणे बाकी राहिले, हे त्याच्या मनातून जात नाही. ज्याला मिळालेल्या देण्याचे मोल कळले, त्यालाच न दिलेल्या तुपाची रुखरुख लागते. श्रद्धा म्हणजे काय, याची याहून नेमकी व्याख्या मला तरी सापडलेली नाही.

संकेत की सत्य?

इथे एखादा चिकित्सक वाचक हात वर करील. तो म्हणेल, अहो, नम्रता हा तर कवींचा जुना संकेत आहे. कालिदासाने ‘रघुवंशा’च्या आरंभी स्वतःला उंच फळासाठी हात पसरणारा ठेंगू म्हणवून घेतलेच होते. रामदासांनी दासबोधाच्या पहिल्या दशकात गणेश, शारदा, सद्गुरू, संत, श्रोते, कवी, सभा अशा सर्वांना वंदन करून मगच पुढे पाऊल टाकले. ग्रंथारंभी वाकायचे हा रिवाज असेल, तर त्यातून कवीच्या अंतःकरणाबद्दल काय कळणार?

आक्षेप योग्य आहे आणि तो उडवून लावता कामा नये. माझे उत्तर असे की नम्रतेची किंमत कोणी मोजली का, ते पाहावे. आरंभी वाकणाऱ्याला काही द्यावे लागत नाही. तुकोबांना द्यावे लागले. वाघोलीच्या रामेश्वर भटांचा आक्षेप काव्याच्या गुणदोषांवर नव्हता. शूद्राने वेदार्थ बोलूच नये, हा तो आक्षेप होता. म्हणजे प्रश्न अधिकाराचा होता : तुला हे बोलायचा परवाना कोणी दिला?

या प्रश्नापुढे ‘हे माझे बोलणे नव्हे, बोलविता धनी वेगळा’ या अर्थाचे तुकोबांचे म्हणणे ठेवून पाहा. एरवी लीनतेचे वाटणारे तेच वाक्य आता केवढे धीट होते! परवाना देणारी जी एकमेव कचेरी गावात होती, तिला वळसा घालून हा माणूस थेट मूळ धन्याचे नाव सांगतो. देवापुढे वाकलेला माणूस भटापुढे ताठ उभा राहिला, आणि दोन्ही एकाच वाक्याने. संतांच्या नम्रतेवर व्याख्याने देणारे बहुधा हा अर्धा भाग गाळतात. नम्रता देणाऱ्यापुढे असते. दारावरच्या पहारेकऱ्यापुढे असलीच पाहिजे असे नाही.

स्वप्नांचा अर्थही मला इथेच उलगडतो. नामदेव स्वप्नात, गुरू स्वप्नात, आणि पुढे बहिणाबाईंनाही उपदेश स्वप्नातच. ज्यांना शाळेचे, पोथीचे, अनुग्रहाचे दरवाजे बंद होते त्यांच्यासाठी स्वप्न ही अशी एक जागा होती जिथे दारवान नव्हता. तिथे जे मिळाले ते कोणाला तपासता आले नाही आणि कोणाला जप्तही करता आले नाही.

वह्या मात्र जप्त होण्याजोग्या होत्या, आणि त्या इंद्रायणीत गेल्या. तुकोबा तेरा दिवस अन्नपाण्यावाचून धरणे धरून बसले आणि वह्या तरल्या, ही कथा आपण ऐकत आलो आहोत. कोणी ती अक्षरशः मानतो. कोणी म्हणतो, अभंग लोकांना पाठ होते म्हणून ते लोकगंगेत तरले. प्रभातच्या १९३६ सालच्या ‘संत तुकाराम’ चित्रपटाने हा चमत्कार पडद्यावर दाखवला, आणि विष्णुपंत पागनीसांचा तो चेहरा डोळ्यांपुढे आणल्याशिवाय आपल्यापैकी अनेकांना तुकाराम दिसतच नाहीत. तो चित्रपट सुंदरच आहे. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला तो उगीच नाही. पण कॅमेऱ्याला चमत्कारच कळस वाटणार. गाथेत कळस त्यानंतर आहे.

वह्या परत मिळाल्यावरचे तुकोबांचे अभंग वाचा. विजयाचा एक शब्द नाही. ‘पाहिलेत ना, देव माझ्या बाजूचा!’ असे म्हणायला याहून योग्य वेळ कोणती होती? त्याऐवजी तुकोबा देवाची क्षमा मागतात. मी तुझी परीक्षा पाहिली, लोकांच्या बोलण्याने चित्त विटवून घेतले आणि त्यापायी तुला शिणवले, तुला जळात उभे राहावे लागले, असा त्यांचा सूर आहे. देणगी परत मिळाली तेव्हा पहिली आठवण देणाऱ्याला पडलेल्या त्रासाची झाली. हा कोणत्याही काव्यशास्त्राचा संकेत नाही. असे लिहायला कोणी शिकवत नाही.

बाईने नम्र राहावे म्हणजे काय?

या विषयावर लिहिताना एक धोका सतत जाणवत राहतो. नम्रतेचा उपदेश नेहमी उतारावरून वाहतो. वरचे खालच्यांना करतात, पुरुष बायकांना करतात, मालक कामगारांना करतात. म्हणून तिसरे उदाहरण मी मुद्दाम संत बहिणाबाईंचे घेतो. वेरूळजवळच्या देवगावात १६२८ साली जन्म, अजाणत्या वयात कितीतरी मोठ्या बिजवराशी लग्न, गावोगाव फिरत शेवटी कोल्हापुरात वास्तव्य. तिथे जयरामस्वामींच्या कीर्तनांत तुकोबांचे अभंग कानावर पडले आणि न पाहिलेल्या तुकोबांचा ध्यास लागला. त्यांचे आवडते वासरू गेले, त्या शोकानंतर स्वप्नात तुकोबांनी येऊन उपदेश केला.

नवरा वेदपाठी ब्राह्मण. आपल्या बायकोने शूद्राला गुरू मानावे, आणि लोकांनी तिच्या दर्शनाला यावे, हे त्याला सहन होणे शक्य नव्हते. त्याने मारहाण केली. बहिणाबाईंनी हे लपवलेले नाही. त्यांच्या आत्मनिवेदनपर अभंगांत ते स्पष्ट आले आहे. स्त्रीच्या देहामुळे वेद बंद, मग परमार्थ कसा साधावा, हा प्रश्नही त्यांनी थेट विचारला आहे.

इथे समीक्षकाने घाई करू नये. आधुनिक मनाला वाटते की बहिणाबाईंनी बंड करून निघून जावे. जुन्या मनाला वाटते की त्यांनी पतीला देव मानले यातच त्यांची थोरवी. बहिणाबाई दोघांनाही पुरत्या सापडत नाहीत. पतिव्रतेच्या धर्मावर त्यांनी अभंग रचले, आणि त्यांत त्यांच्या मनाची ओढाताण जाणवल्याशिवाय राहत नाही. त्याला मुलामा देण्यात अर्थ नाही. पण ज्या एका गोष्टीसाठी मार बसत होता, ती त्यांनी सोडली नाही. गुरू बदलला नाही, अभंग थांबवले नाहीत. पुढे कुटुंब देहूला गेले, तिथे मंबाजींचा जाच झाला, तरीही नाही. आणि ब्राह्मण्य कशात आहे असा सवाल करणारी संस्कृत ‘वज्रसूची’ याच बाईने मराठीत आणली. घरात सर्व बाबतींत वाकलेली बाई मिळालेल्या देण्याच्या बाबतीत मात्र वाकली नाही, कारण ते तिच्या मते तिचे नव्हतेच. स्वतःचे असते तर कदाचित सोडलेही असते. दुसऱ्याची ठेव कशी सोडणार?

आपल्या मुलींना आपण नम्रता शिकवतो तेव्हा यातली कोणती शिकवतो, हे ज्याने त्याने आपल्याशी तपासावे. ‘गाणे छान आहे हो, पण सासरी कशाला हवे?’ हे वाक्य आखातात येऊनही आपल्या घरांतून पुरते गेलेले नाही. देणगी देवाची म्हणायची आणि तिच्यावर सही मात्र सासूची घ्यायची, हा व्यवहार बहिणाबाईंनी साडेतीनशे वर्षांपूर्वी नाकारला होता.

ताटातली नरोटी

चौथे उदाहरण एकनाथांचे. इथे मिळालेली गोष्ट म्हणजे एक ग्रंथ आहे. ज्ञानेश्वरी लिहून झाल्यावर तिच्या नकला होत गेल्या, आणि सुमारे तीनशे वर्षांत तिच्यात नाना पाठभेद शिरले, ओव्या वाढल्या. १५८४ साली नाथांनी जुन्या प्रती जमवून, ताडून, शुद्ध प्रत सिद्ध केली. आणि वर बजावून ठेवले की यापुढे हिच्यात जो स्वतःची ओवी घालील, त्याने अमृताच्या ताटात करवंटी ठेवल्यासारखे होईल.

नाथ स्वतः थोर कवी. भागवताच्या एकादश स्कंधावर त्यांची टीका आहे, भारुडे आहेत. ज्ञानेश्वरीत आपली चार ओव्यांची भर घालणे त्यांना अवघड नव्हते, आणि ती सहज खपूनही गेली असती. त्यांनी आपली प्रतिभा बाजूला ठेवून दुसऱ्याचे शब्द नीट करण्यात ती खर्ची घातली. नम्रतेला आपण भावना समजतो. नाथांनी ती मेहनत म्हणून करून दाखवली. आदर म्हणजे अचूकपणा. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली अशी नोंद येते, तिथेही त्यांच्याबद्दल एकच विशेष सांगितला आहे : त्यांनी ते काम आदराने केले.

हे आजच आठवायचे कारण म्हणजे आपल्या हातातले मोबाइल. सकाळी उठावे तर ‘तुका म्हणे’ अशी शेपटी लावलेले काहीतरी व्हॉट्सअॅपवर येऊन पडलेले असते. त्यात कधी आरोग्याचा सल्ला, कधी शेजाऱ्याला टोमणा. गाथा उघडून पाहण्याचे कष्ट न घेता आपण ते हात जोडल्याच्या चित्रासह पुढे ढकलतो. हात जोडण्यात कसूर नाही. पण करवंटी ताटात पडली ती पडलीच. मुलांना पसायदान शिकवताना एकेका शब्दाचा उच्चार आणि अर्थ नीट सांगणे, हे शंभर वेळा डोळे मिटण्यापेक्षा मोठे पूजन आहे.

फलजचे पाणी

हे सारे मी ओमानमध्ये बसून का लिहितो आहे? कारण ज्या देशात आपण राहतो त्याने हाच विचार पाण्यात मांडून ठेवला आहे. निझवाला फलज दारिस पाहायला आपल्यापैकी बहुतेक जण गेलेले असतील. डोंगराच्या पोटातले पाणी उताराउताराने गावात आणणारे हे पाट. असे सुमारे तीन हजार फलज या देशात आजही वाहते आहेत, आणि त्यांतले पाच युनेस्कोने २००६ साली जागतिक वारशाच्या यादीत घेतले.

सहलीला गेलो की आपण पाण्यात पाय सोडतो, मुलांचे फोटो काढतो. पण त्या पाण्याची रीत पाहण्यासारखी आहे. गावात शिरताना ते आधी सर्वांच्या पिण्यासाठी, मग मशिदीकडे, मग खजुरांच्या बागांना आणि शेतांना. बागांचे पाणी वेळेच्या हिश्शांनी वाटलेले; अर्ध्या तासाच्या एका हिश्शाला ‘अथर’ म्हणतात. दिवसा सावलीवरून आणि रात्री ताऱ्यांवरून हा वेळ मोजत असत. काही हिस्से फलजच्या दुरुस्तीसाठीच राखून ठेवलेले असतात. पाऊस कोणी पाडला नाही, डोंगर कोणी केला नाही. पण पाट खणला माणसांनी, गाळ उपसला माणसांनी, आणि आपली पाळी संपली की बांध फोडून पाणी पुढच्याला सोडले तेही माणसांनीच.

देवाचे देणे आणि माणसाचे कष्ट यांत भांडण लावण्याची आपली सवय इथे अगदी व्यर्थ वाटू लागते. इथला माणूस दुसऱ्याच्या लेकराचे कौतुक करताना आधी ‘माशाल्ला’ म्हणतो, म्हणजे देणाऱ्याचे नाव आधी आणि गुण मागून. ‘दैवी देणगी’ म्हणताना आपण देवाचे नाव घेतो खरे, पण नजर पोरावर आणि पोराच्या आईवडिलांवर असते.

आपल्या भाषेत असे पाणी पुढे सोडल्याचे एक अगदी जवळचे उदाहरण आहे. जळगावकडच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी. लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात, जात्यावर गाणी सुचायची आणि हे आपल्याला सरस्वती शिकवते असा त्यांचा साधा भाव होता. मुलगा सोपानदेव आणि आप्तेष्टांनी ती लिहून ठेवली. १९५१ साली त्या गेल्या, आणि १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या आग्रहाने आणि त्यांच्या प्रस्तावनेसह ती पुस्तकरूपाने आली. बहिणाबाईंनी आपल्या गाण्यांचा कधी तोरा मिरवला नाही हे आपण कौतुकाने सांगतो. पण उतरवून घेणारे हात नसते तर ते पाणी वाळूत जिरले असते, हेही तितक्याच ठासून सांगायला हवे. घेणाऱ्याच्या नम्रतेइतकीच भोवतालच्यांची दक्षता लागते.

परदेशातल्या आपल्या छोट्या समाजाला हीच गोष्ट करता येण्याजोगी आहे. प्रत्येक घरात कवी निपजणार नाही. प्रत्येक मुलाच्या गळ्यात गाणे नसते, आणि नसले म्हणून काही बिघडत नाही. पण मागे उभे राहून धृपद धरता येते. आजीला येणाऱ्या ओव्या उतरवून घेता येतात. ती सुट्टीवर मस्कतला येते तेव्हा दोन महिने घरात बसून कंटाळलेलीच असते. एखाद्या मुलाला खरोखर काही मिळाले असेल, तर त्याला ‘तू कोणीतरी खास आहेस’ असे सांगण्याऐवजी ‘हे तुझ्याकडे आले आहे, आता तुझी पाळी, नीट वाहू दे’ असे सांगता येते. आणि मोठे झाल्यावर त्याला कोणी परवाना विचारला, तर मान ताठ ठेवायलाही शिकवता येते.

वह्या तरल्या की नाही, स्वप्ने खरी की मनाचे खेळ, यावर विद्वानांनी खुशाल वाद घालावा. मला विचाराल तर सारी परीक्षा त्या तुपात आहे. आपल्याला जे मिळाले, भाषा म्हणा, गळा म्हणा, नुसती श्रद्धा म्हणा, त्याच्या बदल्यात काय द्यायचे राहिले आहे हे ज्याला सांगता येते, त्याने ते घेतले. ज्याला सांगता येत नाही, त्याच्याकडे ते नुसतेच येऊन पडले आहे. तुकोबांना तर मापही ठाऊक होते : पावशेर.